लाईनमन मनोहर आणि अंबाबाईचा कूलर

सौंसरात कोणाचा पंखा थांबो, मिक्सर गुरगुरो की इस्त्री चटके देवो, पहिलं नाव निघायचं ते मनोहर सोमकुंवरांचं. चौतीस वर्षं विजेच्या खांबावर काढलेला माणूस. अकरा हजारांच्या लाईनीशी ज्याची ऊठबस, त्याच्यापुढे घरातल्या मिक्सरची काय मातब्बरी? लोकांचा तर्क सरळ होता. मनोहरभाऊ सामान उचलून घरी न्यायचे आणि दोन दिवसांनी ते सामान सुरात गुणगुणत परत यायचं. वर एवढंच म्हणायचे, "काई नाई, किरकोळ होतं." हे 'किरकोळ' म्हणताना ते आकाशाकडे असे बघत, की ऐकणाऱ्याला वाटावं, मोठं काम हा माणूस देवाशी बोलूनच करत असेल.

खरी गोष्ट अशी, की मनोहरभाऊंना घरातल्या यंत्रांतलं काही म्हणजे काहीच येत नव्हतं. खांब, तार, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर यातलं विचारा, झोपेतून उठून सांगतील. पण मिक्सर उघडला की बंद करताना दोन स्क्रू हातात उरायचे. मग हे सगळं सामान दुरुस्त व्हायचं कुठं? तर पांढुर्ण्याला. बाजाराच्या मागच्या गल्लीत गुणवंता घागरेचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मनोहरभाऊ सकाळच्या बसने मिक्सर घेऊन जायचे, दुसऱ्या दिवशी आणायला जायचे आणि सौंसरात उतरताना चेहऱ्यावर रात्रभर जागल्याचा थकवा आणायचे.

याची सुरुवातही मोठी गमतीची. सव्वीस वर्षांपूर्वी ऑफिसातल्या साहेबांच्या बाईंनी एक टेबलफॅन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमी लाईनमन ना, बघा जरा." साहेबांच्या बाईंना 'येत नाही' म्हणायची ज्याची हिंमत झाली असेल असा कर्मचारी अजून जन्माला यायचा आहे. मनोहरभाऊंनी तो पंखा गुपचूप पांढुर्ण्याला नेला. परत आला तेव्हा बाईंनी चार घरांत सांगितलं, चार घरांनी चाळीस घरांत. एक खोटं असं गावभर वाटलं गेलं की परत गोळा करणार कसं?

हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक गुणवंता आणि दुसऱ्या भाऊंच्या घरधनीण शकुंतलाबाई. शकुंतलाबाई अंगणवाडीत पन्नास पोरांना सांभाळतात, एक्कावन्नावा घरी. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर भाऊंचं फावलंच होतं. कोणी बसस्टँडवर विचारलं तर "जिल्ह्यात काम हाये" म्हणायचं. शकुंतलाबाई मागून म्हणायच्या, "हो, कलेक्टरचा मिक्सर बिघडला."

हसण्यावारी न्यायची एक गोष्ट मात्र नव्हती. मनोहरभाऊ निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. खांबावर असेपर्यंत माणूस साऱ्या गावाला दिसतो. खाली उतरला की गर्दीत मिसळतो. ज्यांच्या घरात त्यांनी भर पावसात उजेड परत आणला, ते आता बाजारात बाजूने निघून जायचे. पण पंखा थांबला की तेच लोक दारात यायचे, "मनोहरभाऊ, हाये का घरात?" या एका हाकेवर त्यांचा आठवडा निघायचा. ती हाक थांबली तर आपण कोण, तर पेन्शन घेणारा एक म्हातारा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून ते जपत होते. खोटं असलं तरी जपत होते.

तर मे महिना. सौंसरचा मे म्हणजे सकाळी नऊलाच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अकराच्या सुमारास समोरच्या गल्लीतल्या अंबाबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय बहात्तर, गुडघे वाकलेले, जीभ मात्र सरळ.

"मनोहरभाऊ, हाये का घरात?"

"या मावशी, बसा."

"बसाले नाई आली. माहा कूलर बसला, त्याले उठवाले चला. घूंऽऽ करते अन् जागचा हालत नाई. पोट्टीचं लेकरू घामोळ्यानं लालबुंद होऊन राहिलं."

पोट्टी म्हणजे नात, उर्वशी. बाळंतपणाला आजीकडे आलेली, लेकरू पंचवीस दिवसांचं. मनोहरभाऊ निघाले. कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला होता आणि त्याच्या जाळीत एक तुराटीची काडी खोचून ठेवली होती. आपल्याकडे हे काही नवीन नाही. तूर कापून झाली की चूल पेटवायला तुराट्या ठेवतात, त्यातल्या दोन-चार कूलरसाठी बाजूला काढतात. पंखा नुसता गुणगुणायला लागला की जाळीतून काडी घालायची, पात्याला टोचायचं आणि फिरला की हात मागे घ्यायचा. काही घरांत तीन-तीन उन्हाळे असे काडीवर निघतात. दुरुस्त का करत नाही म्हणून विचारा, "काडी हाये ना" असं उत्तर मिळतं.

"काडीनं फिरते," अंबाबाई म्हणाल्या. "पण दर घटकेला लाईन जाते, अन् दर बारीले म्या उठू का काडी घेऊन?"

मनोहरभाऊंनी ऐटीत काडी उचलली, बटण दाबलं आणि पात्याला टोचलं. पंखा भर्रकन सुटला. पण खोलीत हवा येईना. उलट खिडकीचा पडदा सुर्रकन ओढला गेला आणि जाळीला चिकटून बसला. बाहेर गल्लीत कडुनिंबाखाली शेजारची सुधा पापड लाटत बसली होती, तिचा आवाज आला, "वो माय! हवा इकडं येऊन राहिली! कोनं सोडली वो, लई थंडगार हाये!"

उर्वशी तोंडावर पदर घेऊन हसली. मनोहरभाऊंनी घसा खाकरला.

"मुद्दाम उलटा फिरवला. बेरिंग पाहाचं होतं."

"हो का!" अंबाबाई म्हणाल्या. "दिसलं का बेरिंग?"

"दिसलं. चांगलं हाये. मोटर काढून नेतो, परवा आणून लावतो."

इथपर्यंत सगळं सव्वीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे झालं होतं. पण अंबाबाईंनी खिडकीला पाठ लावली.

"मोटर घराबाहेर जानार नाई. काडीनं का होईना, फिरते त खरी. दोन दिवस लेकराले काय पदरानं वारा घालू? अन् दुसरं आयका. उद्या जवाई येऊन राहिले तिगावहून. आठ दिवसांपासून एकच लावून ठेवलं, आमच्याकडं एसी हाये, उर्वशीले घेऊन जातो. सव्वा महिना झाला नाई अन् बाळंतीन बाहेर काढते का कोनी? तुमी असं करा, उद्या बाराले या. इथंच, त्यांच्या डोळ्यापुढं कूलर चालू करा. म्हनजे तोंड बंद होते."

"माह्या घरी सारं सामान असते, मावशी."

"मंग सामान आना. का घर लई लांब हाये?"

घर होतं पन्नास पावलांवर. मनोहरभाऊ ती पन्नास पावलं चालून परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून शकुंतलाबाईंनी वाढायला घेतलेलं ताट खाली ठेवलं.

"काऊन जी, काय झालं?"

भाऊंनी सांगितलं. शकुंतलाबाई आधी खूप हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सांगून द्या ना खरं. सव्वीस वर्षं झाली. पांढुर्ण्याच्या चकरा मारून मारून बस बी कंटाळली."

"अन् उद्यापासून दारात कोन येईन?"

शकुंतलाबाईंनी ताट पुन्हा पुढे ओढलं. वरण वाढलं. नवऱ्याचं कुठे दुखतं ते त्यांना कळत होतं, म्हणून तर इतकी वर्षं त्या घरातच हसल्या, बाहेर नाही.

दुपारच्या बसने भाऊ पांढुर्ण्याला पोचले. गुणवंताच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरींच्या मोटरी ओळीने आडव्या पडल्या होत्या आणि मधोमध गुणवंता तांब्याची तार गुंडाळत बसला होता. भाऊंनी पाणी प्यायच्या आधीच बेत सांगितला.

"तू पाहुना म्हणून ये. म्या सांगतो, माहा दोस्त हाये, सहज आला. तू हात लाव, म्या बाजूनं बोलत राहातो."

गुणवंता इतका हसला की हातातली तार सुटली. "सोमकुंवरसाहेब, नऊ मोटरी पडून हायेत. संत्र्याचे झाडं सुकून राहिले. उद्या दुकान बंद ठेवलं त शेतकरी माहीच मोटर करतीन. अन् तुमचं काम हाये कितीसं? घूं करते, काडीनं फिरते, हेच ना? कंडेन्सर गेला. बस्स."

त्याने खोक्यातून अंगठ्याएवढी एक पांढरी डबी काढली. तिला दोन तारा लोंबत होत्या. कोणी तिला कंडेन्सर म्हणतं, कोणी कॅपॅसिटर.

"इतल्याशा डबीनं इतला मोठा पंखा अडते?" भाऊंनी ती डोळ्यांजवळ धरली.

"मोटरीले पयला धक्का कोनी तरी द्या लागते. हे डबी देते. डबी मेली त अंबाबाईची काडी देते. फरक एवढाच, डबीले माहीत असते कोनीकडं फिरवाचं. काडीले काय? जिकडून टोचलं तिकडं पंखा."

मनोहरभाऊंच्या डोळ्यांसमोर जाळीला चिकटलेला पडदा आला. बेरिंगचं त्यांनी गुणवंताला सांगितलं नाही.

"जुन्या डबीवर चार लिहिलं असन," गुणवंता म्हणाला, "हे बी चारचीच हाये. जेवढ्याची तेवढीच लावा लागते. अन् तारा काढाच्या आधी मोबाइलवर फोटू काढून ठेवा. कोनती कुठं होती ते मागून आठवत नाई."

"फोटू?" भाऊंचा लाईनमन जागा झाला. "चौतीस वर्षं खांबावर फोटू काढले का म्या? तीन तारा त हायेत."

"काढा म्हनलं," गुणवंता म्हणाला आणि पुन्हा तारेकडे वळला.

दुसऱ्या दिवशी बाराला मनोहरभाऊ अंबाबाईच्या दारात हजर झाले. शकुंतलाबाई मागोमाग होत्या. हा खेळ चुकवायला त्या काही वेड्या नव्हत्या. आत जवाईबापू खुर्चीवर बसले होते. नाव कुलदीप, बोरगावच्या कंपनीत सुपरवायझर, हातात मोबाइल. उर्वशी लेकराला पदराने वारा घालत होती. खिडकीबाहेर निंबाखाली सुधा आपला पाट घेऊन कालच्यापेक्षा दोन हात पुढे सरकून बसली होती.

"काकाजी, नमस्कार," कुलदीप म्हणाला. "उर्वशीनं फोनवर सांगितलं, म्या रात्री व्हिडिओ पाहून घेतला. पाच मिनिटाचं काम हाये म्हनते."

"असन," भाऊ म्हणाले. "व्हिडिओतला कूलर नवा असते."

त्यांनी प्लग काढला, वायरीचं वेटोळं केलं आणि प्लग अंबाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मावशी, हे तुमच्यापाशी. म्या 'द्या' म्हनल्याबिगर कोनाले द्याचं नाई. जवाईले बी नाई."

खांबावर चढण्याआधी लाईनमन परमिट घेतो. खाली ऑफिसात एक माणूस लाईन बंद करून बसतो आणि वरच्याने स्वतः सांगितल्याशिवाय चालू करत नाही. त्या एका शब्दावर वरच्याचा जीव असतो. अंबाबाईंना परमिट ठाऊक नव्हतं, पण त्यांनी प्लग पदरात बांधला आणि गाठ मारली.

भाऊंनी कूलरची बाजूची, वाळा भरलेली ताटी काढली. ओल्या वाळ्याचा वास आला. मोटरीच्या खाली तारांच्या गुंत्यात ती डबी होती, पोट फुगलेली, पिवळी पडलेली. अंक चारच.

"हेच ना काकाजी?" म्हणत कुलदीपने हात घातला.

"हात मागं!"

आवाज असा आला की लेकरू दचकलं आणि बाहेर सुधाचं लाटणं थांबलं. शकुंतलाबाईंनी तो आवाज फार वर्षांनी ऐकला. खांबावरून खाली यायचा तो, भर वादळात, आणि खालची दहा माणसं जागच्या जागी थिजायची.

कुलदीपचा हात हवेतच राहिला. "प्लग त काढला ना, काकाजी."

"प्लग काढला म्हनजे आतलं मेलं असं नाई होत."

हे गुणवंताने सांगितलं नव्हतं. हे आपोआप आलं. सबस्टेशनमध्ये कुंपणाच्या आत मोठमोठ्या डब्यांची रांग असते, लाईन बंद केली तरी त्यांच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते. पाच मिनिटं थांबायचं, मग लांब काठीने त्यांना जमिनीशी जोडायचं, मगच हात लावायचा. त्या रांगेलाही ते कॅपॅसिटरच म्हणायचे. मनोहरभाऊ त्या पिवळ्या डबीकडे बघत राहिले. अरे, हे तर त्याच घराण्यातलं! आयुष्यभर आजोबाशी बोलणं झालं आणि नातवाला कधी ओळखलं नाही.

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस काढला, फक्त मूठ धरली आणि लोखंड डबीच्या दोन्ही तारांच्या उघड्या टोकांना एकदम टेकवलं. क्षणभर थांबले. परत टेकवलं.

काही झालं नाही. ना ठिणगी, ना आवाज.

कुलदीप हसला. "काईच नाई निघालं, काकाजी."

"नाई निघालं तेच पाहाचं असते, जवाईबापू. चौतीस वर्षं काई नाई निघालं, म्हनून इथं उभा हाओ."

हे बोलताना त्यांनी आकाशाकडे बघितलं नाही. कुलदीपने मोबाइल खिशात टाकला आणि खुर्ची सोडून तो खाली बसला. अंबाबाईंनी पदराची गाठ आणखी घट्ट केली.

माणसाला एक गोष्ट जमली की दुसरीही जमतेच असं वाटायला लागतं. मनोहरभाऊंना तसंच झालं. फोटोची आठवण आली, पण जवाईसमोर फोटो काढायचा म्हणजे शोभा. त्यांनी पक्कडीने तीनही तारा एका दमात सोडवल्या. सोडवल्यावर दिसलं, की त्यातल्या दोन लाल होत्या. एक जरा जास्त लाल होती की उन्हाने फिकी झालेली होती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. भाऊंनी मनाशी ठरवलं, नवी डबी लावली, टेप गुंडाळला, हात पुसले.

"द्या मावशी."

"तुमीच म्हनून राहिले ना?"

"म्याच."

अंबाबाईंनी गाठ सोडली. प्लग लागला. बटण दाबलं. काडी नाही, टोचणी नाही, पंखा आपल्या मनाने उठला आणि दोन क्षणांत भन्नाट फिरायला लागला.

"झालं!" अंबाबाईंनी टाळी वाजवली. "पाहा जवाई, म्या म्हनत होती ना?"

आणि पडदा सुर्रकन जाऊन जाळीला चिकटला.

"वो माय!" बाहेरून सुधा. "पुन्हा इकडंच! कालच्यापेक्षा जोरात हाये वो! पापड उडून राहिले माहे!"

कुलदीप पडद्याकडे, पडद्यावरून भाऊंकडे बघत होता. लेकरू रडायला लागलं. मनोहरभाऊंच्या जिभेवर बेरिंग तयारच होतं. सव्वीस वर्षांची सवय, एक शब्द आणि सुटका. पण त्या लेकराची मान घामोळ्यांनी लाल झालेली दिसत होती, आणि मघाशी ते जे बोलले होते ते इतकं खरं होतं, की त्याच्यामागे लगेच खोटं लावायला जीभ उठेना.

त्यांनी बटण बंद केलं.

"मावशी, माह्यानं चुकलं. अन् खरं सांगू का, मले हे येतच नाई. आजपर्यंत तुमचा मिक्सर, पंखा, इस्त्री, काईच म्या नाई केलं. सारं पांढुर्ण्याचा गुणवंता करून देते. म्या फक्त बसनं नेतो अन् आनतो."

बोलले, आणि गावभर आपलं नाव पुसलं गेल्याचं त्यांना तिथंच ऐकू आलं. शकुंतलाबाई पुढे होऊन उंबऱ्यावर बसल्या.

अंबाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "झाली मस्करी? आता सरळ करा."

"मस्करी नाई वो मावशी. खरंच."

"इकडं जवाई बसले, लेकरू रडून राहिलं, अन् तुमाले गम्मत सुचून राहिली. जवाई, या मनोहरभाऊचं असंच असते. मोठं काम करतीन अन् म्हनतीन, म्या काई केलंच नाई. किरकोळ होतं म्हनतीन."

"सुधाबाई," भाऊंनी खिडकीतून हाक मारली, "तुमची इस्त्री मागच्या वर्षी..."

"हो भाऊ, काय मस्त चालून राहिली! काय हात हाये तुमचा!"

"म्या नाई केली ते!"

"असंच म्हनता तुमी!"

शेवटी शकुंतलाबाई उंबऱ्यावरून बोलल्या, "खरं बोलून राहिले ते. पयल्यांदाच बोलून राहिले. सारं गुणवंताच करते."

"तू नको बोलू," अंबाबाई म्हणाल्या. "तू नवऱ्याले कधी चांगलं म्हनलंच नाई. आपल्या मानसाची कदर बाहेरच्याईनंच करा लागते."

ज्या नावासाठी सव्वीस वर्षं बसभाडं भरलं, ते द्यायला निघाले तर कोणी घेईना. मनोहरभाऊंनी घाम पुसला. त्यांना हसू येत होतं आणि छातीवरचं काहीतरी उतरलंही होतं. लोकांनी विश्वास ठेवो न ठेवो, त्यांनी सांगून टाकलं होतं.

एका माणसाचा मात्र विश्वास बसला होता. कुलदीप हळूच म्हणाला, "काकाजी, गुणवंतांचा नंबर असन त लावून पाहू."

भाऊंनी मोबाइल काढला. नंबर दाबायला बोट नेलं आणि थबकले. उलटा. पंखा जोरात फिरत होता, फक्त उलटा. हे आपण कुठे बघितलं होतं?

बोरगाव शिवारात. वीस वर्षं होऊन गेली. वादळात तारा तुटल्या होत्या, त्यांनी रात्रीपर्यंत जोडल्या, सकाळी शंभर लोक सबस्टेशनवर हजर. विहिरीच्या मोटरी फिरत होत्या पण पाणी देत नव्हत्या, आणि पिठाची चक्की दळलेलं पीठ द्यायच्या ऐवजी वरच उडवत होती. चक्कीवाला तर पांढराफटक होऊन आला होता. का, तर खांबावर दोन तारा इकडच्या तिकडे जोडल्या गेल्या होत्या. साऱ्या शिवाराच्या मोटरी उलट्या. तेव्हा त्यांनी काय केलं होतं? तारा पुन्हा नव्याने नाही ओढल्या. दोन टोकं अदलाबदल केली आणि खाली उतरले.

"थांबा," ते म्हणाले. "मावशी, प्लग."

अंबाबाईंनी पुन्हा पदरात गाठ मारली. पेचकस पुन्हा डबीच्या दोन टोकांना टेकला. या वेळी कुलदीप हसला नाही. लाईनची तार डबीच्या ज्या टोकाला जोडली होती, तिथून भाऊंनी ती सोडवली आणि दुसऱ्या टोकाला जोडली. एवढंच. टेप त्यांनी दोनदा गुंडाळला, कारण हे कोणी शिकवलेलं नव्हतं. चुकलं असतं तर चूकही त्यांचीच असती.

"द्या मावशी."

बटण दाबलं. पंखा उठला. पडदा आधी जरा विचार करत उभा राहिला आणि मग खोलीत फुगला. ओल्या वाळ्याचा गार झोत उर्वशीच्या पदरावरून, लेकराच्या मानेवरून आणि जवाईबापूंच्या इस्त्रीच्या शर्टावरून गेला.

"गेली वो हवा!" बाहेर सुधा कुरकुरली. "कोनी सांगितलं होतं सरळ कराले?"

लेकराने एक हुंदका दिला, जांभई दिली आणि डोळे मिटले. कुलदीपने झोतापुढे हात धरून पाहिला. मग उर्वशीला म्हणाला, "राहा मंग. सव्वा महिना झाल्यावरच येतो घ्याले."

अंबाबाईंनी लगेच चहा ठेवला. चहात इतकी साखर होती की जवाईचाच मान भाऊंना मिळाला म्हणायचा. निघताना कुलदीप दारापर्यंत आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "काकाजी, तुमी मघाशी खरं बोलत होते ना?"

"हो."

"मंग हे उलट्याचं सरळ कसं केलं?"

"ते मले येते," मनोहरभाऊ म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी तीन गल्ल्यांत फिरली, आणि बातमी ही, की मनोहरभाऊंनी अंबाबाईचा कूलर आधी मुद्दाम उलटा चालवून सुधाचे पापड वाळवून दिले, मग सरळ चालवून जवाईला गप्प केलं. कबुलीजबाबाचा भागही फिरला, पण तो विनयाचा नमुना म्हणून. शकुंतलाबाई रात्री भाकरी थापताना मध्येच थांबायच्या आणि खांदे हलेपर्यंत हसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओळीतल्या प्रेमलताबाई दारात आल्या. काखेत मिक्सर.

"मनोहरभाऊ, हाये का घरात? हे पाहा न जरा, जळल्यासारखा वास येऊन राहिला."

भाऊ ओसरीवर बसले होते. शकुंतलाबाई आतून कान देऊन होत्या.

"प्रेमलताबाई, मिक्सरचं मले येत नाई."

प्रेमलताबाई गोंधळल्या. असं उत्तर या दारात त्यांनी ऐकलं नव्हतं. मिक्सर या काखेतून त्या काखेत घेत त्या म्हणाल्या, "बरं. मंग आमच्या कूलरचं? त्याले बी काडीच लावून राहिलो आमी, दोन वर्षं झाले."

"घूं करते?"

"घूं करते."

"ते येते," मनोहरभाऊ म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "पन आधी फोटू काढा लागन. तुमच्याकडं मोबाइल हाये ना?"

आतून शकुंतलाबाईंचं हसणं ऐकू आलं. प्रेमलताबाईंना वाटलं, हे नवरा-बायको आजकाल भलतेच खुशीत दिसतात, आणि ही गोष्ट त्यांनी रस्त्यात भेटलेल्या पहिल्याच बाईला सांगितली.